ऑनलाइन अण्णा

आमच्या सोसायटीत अण्णा दोन आहेत. एक व्हॉट्सॲपवर राहतात आणि दुसरे बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर. दोघांचा मोबाइल नंबर एक, आधार कार्ड एक, बायकोही एकच. तरी या दोघांची आपापसांत ओळख असेल असं मला अजून वाटत नाही.

व्हॉट्सॲपवरचे अण्णा पहाटे पावणेसहाला उठतात. गुलाबाच्या फुलावर 'शुभ प्रभात' छापून पाठवणाऱ्यांतले ते नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो. २०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात बातमी आली होती की, भारतात लोकांचे फोन मध्येच का गोठतात याचा गूगलच्या मंडळींनी शोध घेतला, तर कारण निघालं आपली सकाळची फुलं, उगवते सूर्य आणि सुविचार. अण्णांनी ती बातमी मराठीत लिहून ग्रुपवर टाकली आणि खाली एक ओळ जोडली, 'आपण सर्वांनीच आत्मपरीक्षण करण्याची वेळ आली आहे.' त्यावर पंधरा-वीस जणांनी त्यांना गुलाब पाठवले.

अण्णा आलेलं पुढे ढकलत नाहीत, स्वतः लिहितात. त्याच वर्षी अफवांचा फार सुळसुळाट झाला म्हणून व्हॉट्सॲपनं ढकललेल्या मजकुराला 'फॉरवर्डेड' असं लेबल लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी ढकलायला बंदी केली. सोसायटीतल्या अनेकांचा दिनक्रम त्यामुळे कोलमडला. अण्णांना पत्ताही लागला नाही. त्यांचा माल घरचा. सोसायटीत कोणाचा वाढदिवस असो, कोणाच्या नातवाला दहावीत मार्क पडोत, कोणाच्या सासूबाई जावोत, अण्णांचा मजकूर ताजा आणि त्या माणसाच्या मापाचा. शोकसंदेशात तर त्यांचा हात धरणारा डोंबिवली पूर्वेत कोणी नाही. एका काकांनी मला खासगीत विचारलं होतं, "आपल्या वेळी काय लिहितील हो अण्णा?" त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि उत्सुकता जास्त होती.

नमुना म्हणून आमच्या सेक्रेटरींच्या वाढदिवसाचा मजकूर देतो. 'प्रिय सेक्रेटरीसाहेब, सप्रेम नमस्कार वि. वि. टाकीतल्या पाण्याची पातळी आपण ज्या आत्मीयतेनं पाहता, त्या आत्मीयतेनं लोक स्वतःच्या रक्तातली साखरही पाहत नाहीत. आपण आहात म्हणून आमच्या नळाला शब्द आहे. शतायुषी व्हा. ता. क. : काल बी विंगचं पाणी नऊलाच गेलं.' व्हॉट्सॲपवर ता. क. लिहिणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मजकूर पाठवायच्या आधी वरच दुरुस्ती करता येते, ताजा कलम लागतो कशाला, असं त्यांना कोणी तरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, 'ताजा कलम हा मजकुराचा नव्हे, मनाचा भाग आहे.' अर्थात लिहून.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी, अण्णा आणि मी एकाच लिफ्टमध्ये सापडलो. सेक्रेटरींना भरून आलं होतं. "अण्णा, काय लिहिलंत हो! आमच्या हिनं सगळ्यांना वाचून दाखवलं." अण्णांनी दारावरच्या आकड्याकडे पाहिलं. तिथे १ होता. "हं," अण्णा म्हणाले. २ आला. "पाणी आलं?" म्हणाले. "आलं ना," सेक्रेटरी म्हणाले. ३ आला, दार उघडलं आणि अण्णा सुटले. जाताना त्यांनी मान हलवली, पण ती निरोपादाखल की स्पाँडिलायटिसमुळे हे कळायला मार्ग नव्हता. दार मिटलं, लिफ्ट चौथ्याकडे निघाली आणि सेक्रेटरींच्या खिशातला फोन टुणकन वाजला. 'आत्ताच लिफ्टमध्ये आपली भेट झाली. आपल्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून फार बरं वाटलं.'

सेक्रेटरींनी फोन माझ्यासमोर धरला. त्यांना म्हणायचं होतं की, मघाशी इथे उभा होता तो कोण?

हा प्रश्न अण्णांच्या घरी फार जुना आहे. १९८६ साली त्यांचं लग्न ठरलं तेव्हा अण्णा बँकेच्या खामगाव शाखेत होते आणि वहिनी ठाण्याला. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत पाच-सहा महिने गेले. ट्रंक कॉल परवडत नव्हता, म्हणून निळ्या अंतर्देशीय पत्रांवर सगळा कारभार चालला. वहिनींनी ती पत्रं अजून ठेवली आहेत. तिन्ही घड्या गच्च भरलेल्या, जागा संपली की समासात उभं लिहिलेलं, आणि डिंकाच्या पट्टीलगत मुंगीएवढ्या अक्षरात ता. क. एकदा गोकुळाष्टमीचे पोहे खाता खाता वहिनी म्हणाल्या, "त्या पत्रांवर भाळून मी लग्न केलं बघा. आणि लग्नानंतर घरात राहायला कोण आलं? पोस्टमन!"

अण्णा समोरच बसले होते. ते म्हणाले, "दही."

पुढची पंचवीस-तीस वर्षं पोस्टमननं संसार नीट केला. दूध आणलं, बिलं भरली, मुलाला सायकल शिकवली. बोलला मात्र मोजून. मग मुलानं नोकरी लागल्यावर वडिलांना स्मार्टफोन घेऊन दिला, आणि इतकी वर्षं खामगावला अडकून पडलेला पत्रलेखक एक दिवस घरी आला. आता हॉलमधून स्वयंपाकघरात मजकूर येतो. 'आजच्या आमटीत कोकम आणि गूळ यांनी एकमेकांचा जो मान राखला आहे, तो आपल्या नातेवाइकांनी शिकण्यासारखा आहे.' वहिनी हात पुसतात, वाचतात आणि अंगठा पाठवतात. दोघं जेवायला बसतात तेव्हा अण्णा त्याच आमटीबद्दल समोरासमोर जे बोलतात ते असं : "मीठ." मीठ कमी आहे, जास्त आहे की नुसतं सरकवायचं आहे, हे वहिनींना स्वरावरून कळतं. मला वाटतं, बाईंनी अण्णांची खरी भाषा कोणती हे केव्हाच ओळखलंय, फक्त अण्णांना कळू दिलेलं नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपनं वाचल्याच्या निळ्या खुणा आणल्या, आणि अण्णांच्या संसारात पहिल्यांदा संशय शिरला. दोन खुणा निळ्या झाल्या आहेत, म्हणजे बाईंनी वाचलंय. मग उत्तर का नाही? बाई कुकरची शिट्टी मोजत होत्या, हे कारण अण्णांना भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, पण पटत नव्हतं. या खुणा बंद करता येतात. पण आपण बंद केल्या की दुसऱ्याच्याही आपल्याला दिसत नाहीत, म्हणून अण्णांनी केल्या नाहीत. ग्रुपात तर बंद करायची सोयच नाही. तिथे आपल्या मजकुरावर बोट दाबून धरलं की कोणी किती वाजता वाचलं याची यादी निघते. ही यादी अण्णा रोज रात्री पाहतात. बँकेत आयुष्य क्लिअरिंग खात्यात गेलं, चेक कुठे अडकला हे शोधायची बोटांना सवय. 'ए विंगमधील एकतीस सभासदांनी वाचले, नऊ जणांनी हात जोडले, बावीस मौन,' असा हिशेब त्यांनी एकदा मला पाठवला होता. बाविसांत मी होतो.

बँकेतही त्यांना एकदा काउंटरवर बसवून पाहिलं होतं म्हणे. समोर गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याच्या पासबुकाशी बोलायचे. आठवडाभरात साहेबांनी त्यांना मागे फायलींत नेलं, आणि तिथे ते असे फुलले की विभागीय कार्यालयाला जाणारं प्रत्येक अवघड पत्र त्यांच्या टेबलावर यायला लागलं. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांची भाषणंही तेच लिहून देत. स्वतःच्या निरोप समारंभात त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं भाषण शिपायाकडून वाचून घेतलं, आणि ऐकताना सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

अशा माणसाला आपण ढोंगी म्हणून मोकळे होतो. ते चूक आहे. जोसेफ वॉल्थर नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९९६ साली, म्हणजे व्हॉट्सॲप निघायच्याही तेरा वर्षं आधी, अण्णांचं निदान करून ठेवलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, पडद्याआडून लिहून बोलणारी माणसं कधी कधी समोरासमोरच्यांपेक्षाही जवळ येतात. लिहिणाऱ्याला सवड असते. खोडता येतं, आपली चांगली बाजू तेवढी पुढे करता येते, पोट आत ओढून धरावं लागत नाही. वाचणाऱ्यापुढे समोरचा माणूस अर्धामुर्धाच असतो, उरलेला तो आपल्या मनातून भरून काढतो आणि तेही सढळ हातानं. मग लिहिणारा त्या भरून काढलेल्या माणसासारखा वागायला धडपडतो. हे चक्र फिरत राहतं. वॉल्थरनं त्याला 'हायपरपर्सनल' असं भारदस्त नाव दिलं. आमच्याकडे ते अण्णांच्या नावापुढे 'टायपिंग...' असं दिसतं. येतं, जातं, पुन्हा येतं. चार-पाच मिनिटं असं झालं की बी विंगमध्ये समजतात, आज कोणाचं तरी कौतुक आहे.

आणि मराठी माणसाला हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला माणसांची गर्दी टाळत राहिले, सभा-समारंभांपासून चार हात लांब. पण पत्रं म्हणाल तर त्यांचे खंडच्या खंड निघाले. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या नावानं पुस्तकरूपानं आली आणि मराठी वाचकांनी ती आपल्यालाच आल्यासारखी वाचली. त्या दोघांची भेट आणि पत्र यांचं प्रमाण काढलं तर पत्राचं पारडं केवढं तरी जड निघेल. त्याला कोणी 'आभासी मैत्री' म्हणालं नाही. अण्णांना जी. एं.च्या पंगतीला बसवायचा माझा विचार नाही (तो प्रयत्न अधूनमधून अण्णा स्वतःच करतात), पण 'मोबाइल आला आणि माणसं बोलायची बंद झाली' असं जे सकाळच्या फिरण्यात ऐकू येतं, ते अण्णांच्या बाबतीत साफ खोटं आहे. अण्णा मोबाइल यायच्या आधीपासून बंद होते. मोबाइलनं त्यांना तोंड दिलं.

अडचण झाली ती वेगाची. खामगावचं पत्र ठाण्याला पोचायला चार दिवस घ्यायचं, आणि त्या चार दिवसांत लिहिणारा समोर येण्याचा धोका नव्हता. आता मजकूर पोचतो तेव्हा लिहिणारा त्याच लिफ्टमध्ये उभा असतो.

अण्णांना समोरासमोरचं नातं जमतच नाही, असं मात्र समजू नका. जमतं, पण ते कसं, हे मला त्यांच्या मुलाच्या लग्नात समजलं. हॉलच्या एका कोपऱ्यात बारा-पंधरा माणसांचा एक घोळका होता. ना नात्यातले, ना बँकेतले, ना सोसायटीतले. आपलंच कार्य असल्यासारखे पंगतीत वाढत होते. चौकशी केली तर म्हणाले, आम्ही आठ-दोनचे. डोंबिवलीहून सुटणारी सकाळची आठ दोनची लोकल. मागून तिसरा डबा, अण्णा त्यात वर्षानुवर्षं उभे. त्यांची जागा रॅकखाली. चढणारा बॅग त्यांच्या हातात देई, ते वर ठेवत आणि भायखळा गेलं की ज्याची त्याच्या हातात उतरवून देत. कधी चुकली नाही. खंडेनवमीला डब्याला झेंडूची तोरणं लावून पूजा करायची तेव्हा नारळ, हळद-कुंकू आणि सुतळी अण्णांच्या पिशवीत. बोलणं म्हणाल तर "सरका" आणि "ठाणे गेलं का". त्या मंडळींत अण्णांना कोणी अण्णा म्हणतच नाही. तिथे त्यांचं नाव 'रॅक'. "आमचा रॅक बोलत नाही हो," त्यांतला एक मला श्रीखंड वाढता वाढता म्हणाला, "पण त्याच्या आईच्या वेळी आम्ही सगळे गेलो होतो स्मशानात. हा तिथेही आमच्या बॅगा सांभाळत उभा."

यांच्यातल्या एकाच्याही फोनमध्ये अण्णांचा मजकूर नाही. अण्णा लिहितात, हेच त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलं तर ते हसले. "रॅक? आणि लिहितो?"

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या शाळेच्या तुकडीचं संमेलन भरलं. १९७५ ची दहावी म्हणजे महाराष्ट्रात दहावीची पहिलीच बॅच. आपण शिक्षणाच्या प्रयोगातले उंदीर होतो हा त्यांचा आवडता अभिमान, आणि ग्रुपचं नावही अण्णांनी तसंच काहीसं ठेवलेलं. कर्जतजवळचं फार्महाउस, बस, टी-शर्टांची मापं, कांदा-लसूण नको असणारे, गुडघ्यामुळे खाली बसू न शकणारे, सगळी मोजदाद अण्णांनी फोनवर केली. त्यांतल्या एका मित्राला मधुमेह होता. त्याच्यासाठी अण्णांनी वर्षभर ग्रुपवर लेखमालाच चालवली होती. नाचणी, मेथी, चालणं, पायांची निगा. मित्र दर लेखाखाली लिहायचा, 'अण्णा, तू नसतास तर...'

संमेलनाला माझं जाणं झालं ते अण्णांना कर्जतला सोडायला म्हणून. आग्रहानं मला जेवायला थांबवून घेतलं गेलं. जेवणात जिलब्या होत्या. अण्णा त्या मधुमेही मित्राच्या शेजारी बसले होते. दोघं बराच वेळ समोरच्या केळीच्या झाडाकडे पाहत होते. मित्र म्हणाला, "छान झालंय सगळं." अण्णा म्हणाले, "हो ना." पुन्हा केळीचं झाड. मग काही तरी करायला हवं म्हणून अण्णांनी जिलबीचं ताट उचललं आणि मित्राच्या पानात दोन वाढल्या. मित्रानंही काही तरी करायला हवं म्हणून त्या खायला घेतल्या. लेखमालेचा लेखक आणि वाचक, दोघांना एकमेकांना "नको" म्हणता येईना.

"ए, ठेव ती खाली!" पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. ग्रुपवर कधी तोंड न उघडणाऱ्या नाशिकच्या एक बाई होत्या. अण्णांच्या यादीत त्या कायम 'मौन' या रकान्यात. अंगठ्यापलीकडे त्यांनी सहा वर्षांत काही पाठवलेलं नव्हतं, आणि त्या रुसल्या आहेत असा अण्णांचा ठाम समज होता. त्या उठल्या, मित्राच्या पानातल्या जिलब्या उचलून स्वतःच्या पानात ठेवल्या, त्याला विचारलं, "गोळी घेतलीस? जेवणाआधीची की नंतरची?" आणि मग अण्णांकडे वळून, "तुला रे काय झालंय? शाळेत पण असाच होतास. फळ्यावर सुविचार लिहायचास आणि बाईंनी वाच म्हटलं की रडायचास."

त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला शाळेतल्या नावानं हाक मारली, दोघांचं जुनं भांडण मिटवलं, एकाचं नव्यानं लावून दिलं आणि बस सुटताना सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मोजल्या. फोन त्यांनी पर्समधून काढलाच नाही. रात्री मी अण्णांच्या शेजारी गाडी चालवत असताना ते अंधारात तासभर टंकत होते. सकाळी मला कळलं की तो त्या बाईंना लिहिलेला मजकूर होता, आणि अण्णांच्या आजवरच्या लेखनातला तो सर्वोत्तम होता असं वहिनींचं मत आहे. बाईंनी अंगठा पाठवला. या वेळी मात्र अण्णांनी त्यांना 'मौन'मध्ये धरलं नाही.

अण्णांसारखे लोक नव्या पिढीत निपजतील की नाही याची मला शंका आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर उभं राहून पाहा. नटूनथटून आलेली हजारो मुलं-मुली, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. त्यांची ओळख इन्स्टाग्रामवर झालेली असते, भेट फडके रोडवर होते, भांडण पुन्हा व्हॉट्सॲपवर जातं आणि मिटतं ते वडापावच्या गाडीवर. इकडून तिकडे जाताना त्यांना उंबरठा लागत नाही. मोबाइलवर लिहितात तसंच तोंडानं बोलतात, म्हणजे दोन्हीकडे तितकंच अर्धवट. अण्णांना हे पाहून वाईट वाटतं. 'संवादाची रया गेली,' असं त्यांनी गॅलरीतून, त्याच गर्दीत उभ्या असलेल्या पुतणीला कळवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात सी विंगमधल्या एका गृहस्थांना डेंग्यू झाला. रात्री प्लेटलेट उतरल्या, डॉक्टरांनी दाता आणायला सांगितला. मुलगा पंचविशीतला, घाबरून गेलेला. अण्णांनी पाच ओळी लिहिल्या : रक्तगट, रुग्णालय, किती वाजेपर्यंत, कोणाशी बोलायचं, आणि काम झालं की हा मजकूर पुढे पाठवणं थांबवावं. इतका नेमका मजकूर मी सरकारी खात्यातूनही निघालेला पाहिलेला नाही. सोसायटीतून तो बँकेच्या पेन्शनरांत गेला, तिथून कोणाच्या तरी व्याह्यांच्या भजनी मंडळात, आणि तासाभरात ठाण्याहून एक मुलगा मोटारसायकलवर निघाला. त्याला ना रुग्ण माहीत, ना अण्णा. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच लिहून ठेवलंय की, नोकरीची बातमी बऱ्याचदा जिवलग मित्राकडून न येता लांबच्या ओळखीतून येते. जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवं काही हवं तर लांबचाच उपयोगी. तेच रक्ताचं. या लांबच्या धाग्यांना अण्णांनी वर्षानुवर्षं वाढदिवसाचे मजकूर घालून ओलं ठेवलेलं होतं.

आजाऱ्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं ते मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या एका माणसानं, कारण लिफ्ट नेमकी बंद. हा गृहस्थ पार्किंगवरून सगळ्यांशी भांडलेला आणि ग्रुप सोडून गेलेला. त्याला बोलावलं कोणी नव्हतं. जिन्यात खुर्चीचा आवाज ऐकून दार उघडून आला, "असं धरतात का?" म्हणून खेकसला आणि पुढची बाजू स्वतः धरली.

मी रुग्णालयात पोचलो तेव्हा अण्णा व्हरांड्यात होते. थर्मास आणलेला, चादर आणलेली, कागदपत्रांची पिशवी आणलेली. पहाटेपर्यंत बसले नाहीत. मुलगा त्यांच्यापासून दोन हातांवर, भिंतीला टेकून. अण्णा त्याच्याकडे वळले, तोंड उघडलं, मिटलं. मग खिशातून फोन काढला. 'टायपिंग...' मला दिसलं नाही, पण अंगठा हलताना दिसला. मुलाचा फोन थरथरला. त्यानं वाचलं : 'काळजी करू नकोस. मी इथेच आहे.' त्यानं मान वर करून अण्णांकडे पाहिलं. अण्णा भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी लक्षपूर्वक वाचत होते.

मुलगा हसला. रात्रभरात पहिल्यांदाच. मग त्यानं आपली बॅग अण्णांच्या हातात दिली आणि आत गेला, आणि अण्णांनी ती सकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

रुग्ण आता ठणठणीत आहेत, पार्किंगचं भांडणही ठणठणीत आहे. सोसायटीची निवडणूक आली आहे आणि अण्णांना अध्यक्ष करायचं सगळ्यांच्या मनात आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनीही होकार दिलाय, कारण त्यांनी अण्णांचा एकही मजकूर वाचलेला नाही. माझंही मत अण्णांनाच. सभासदांना एकच विनंती : वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तेव्हा अध्यक्षीय भाषणाच्या वेळी त्यांच्या हातात माईक देऊ नका. प्रत्येकानं आपापला फोन चार्ज करून आणावा, आणि भाषण आलं की निदान हात जोडावेत. अण्णा रात्री यादी पाहतात.